'मी' येतो कुठून? मीडचा वर्ग आणि मसूरचं स्टेशन

मागच्या वेळी आपण लाइपझिगला, वुंटच्या प्रयोगशाळेपाशी थांबलो होतो. आज तिथून शिकागोला जायचं आहे.

जॉर्ज हर्बर्ट मीड यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक 'माइंड, सेल्फ अँड सोसायटी' हे त्यांनी स्वतः लिहिलेलं नाही. मीड १९३१ साली वारले आणि पुस्तक आलं १९३४ मध्ये. शिकागो विद्यापीठात ते वर्षानुवर्षं सामाजिक मानसशास्त्र शिकवत. वर्गात स्टेनोग्राफरने उतरवून घेतलेलं आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडलेलं एकत्र करून चार्ल्स मॉरिस यांनी ते संपादित केलं. आपली ही व्याख्यानं तुम्ही वाचता, जवळजवळ तशीच गोष्ट!

मीड सुरुवात करतात ती कुत्र्यांच्या भांडणापासून. एक गुरगुरतो, दुसरा अंग चोरतो, त्यावर पहिला पवित्रा बदलतो. हा झाला हावभावांचा संवाद, आणि ही कल्पना वुंटची. माणसाचं वेगळेपण कुठे? तर आपण बोललेला शब्द समोरच्याबरोबर आपल्यालाही ऐकू येतो. 'सरक' म्हणताना समोरच्याच्या मनात जे उठतं, ते थोडंसं आपल्याही मनात उठतं. अशा रीतीने आपण स्वतःकडे दुसऱ्याच्या जागेवरून बघायला शिकतो. मीडच्या मते 'स्व' इथे तयार होतो, जन्मतः तो नसतो. भातुकली खेळणारं मूल एका वेळी एकच भूमिका घेतं, कधी आई, कधी दुकानदार. बेसबॉलच्या मैदानावर मात्र इतर सगळ्यांच्या भूमिका एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात. (आपल्याला क्रिकेट जास्त लवकर कळेल.) या सगळ्यांच्या मिळून झालेल्या नजरेला मीड 'सामान्यीकृत इतर' म्हणतात. शब्द बोजड आहे खरा, पण चालवून घेऊ.

त्याआधी १९०२ मध्ये चार्ल्स कूली यांनी 'आरशातला स्व' मांडला होता. समोरच्याला मी कसा दिसतो, तो माझ्याबद्दल काय ठरवतो, आणि त्यावरून मला वाटणारा अभिमान किंवा लाज. कूलींनी निरीक्षण केलं ते मुख्यतः घरच्या मुलांचं, म्हणजे मायेच्या माणसांत वाढणाऱ्या मुलांचं. आमच्या मते या सिद्धांताची खरी परीक्षा त्या घराबाहेर आहे.

ते पुस्तक येण्याच्या एकच वर्ष आधी, १९०१ साली, नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून मसूर स्टेशनवर उतरले. वडील गोरेगावला नोकरीला होते. निरोप पोचला नव्हता, त्यामुळे न्यायला कोणी आलेलं नव्हतं. मुलं नीटनेटक्या कपड्यांत होती. स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची वाटली आणि त्यांनी आपुलकीने चौकशी केली. मुलं बोलून गेली, आम्ही महार आहोत. त्यासरशी मास्तरांचा चेहरा बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. शाळेत वेगळं बसणं भीमरावांना आधीपासून माहीत होतंच; तरी हा प्रसंग मनावर कायमचा कोरला गेला, असं त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवलं आहे.

आता प्रश्न असा, की 'स्व' जर इतरांच्या नजरेतून घडत असेल, तर मसूरच्या मुलाचा 'स्व' त्या चेहऱ्याएवढाच उरायला हवा होता. तसं का झालं नाही?

मीडकडे याचं उत्तर आहे, आणि पाठ्यपुस्तकं ते घाईघाईत उरकतात. त्यांनी स्वचे दोन भाग केले, मराठीत सोयीसाठी 'मी' आणि 'मला' म्हणू. 'मला'मध्ये समाजाची नजर साठते. 'मी' त्या नजरेला उत्तर देतो, आणि ते उत्तर काय असेल हे आधी पूर्ण ठरलेलं नसतं. सगळा समाजच विरोधात असेल तर काय करायचं? मीड म्हणतात, त्याहून वरच्या समाजाची कल्पना उभी करायची आणि त्याच्या बाजूने उभं राहायचं. पण हा मोठा समाज एकट्याच्या डोक्यात किती दिवस टिकणार? तिथेही माणसं लागतातच.

मीडचे जवळचे मित्र जॉन ड्यूई हे पुढे कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांचे शिक्षक होते. आंबेडकर तिथे १९१३ ते १९१६ या काळात होते. मीडचा सिद्धांत आणि महाड ही जोडणी मात्र आमची आहे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी हजारोंनी मिळून प्यायलं, डिसेंबरमध्ये माणसं पुन्हा तिथे जमली. त्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले, आणि बोलले ते लुगडं नेसण्याच्या पद्धतीबद्दल आणि अंगावरच्या दागिन्यांबद्दल. बघताक्षणी जात ओळखू येईल असं काही अंगावर ठेवू नका, असं त्यांचं सांगणं होतं.