मंडई, जोतीराव आणि डीपी

पुण्यातल्या पेठांबद्दल एक वाक्य आपण सगळेच येता-जाता फेकतो. "काही प्लॅनिंगच नाही हो, वाट्टेल तसं वाढलंय!" लक्ष्मी रोडवर अर्धा तास अडकलेला माणूस दुसरं काय म्हणणार म्हणा. पण इतिहास चाळला तर हे वाक्य काही टिकत नाही. प्लॅनिंग होतं, आणि ते बऱ्याच वेळा झालं. फक्त प्रत्येक वेळी प्लॅन करणारा वेगळा आणि त्याची रिक्वायरमेंट वेगळी. आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टीम म्हणतात :)

पहिलं व्हर्जन पेशव्यांचं. पेठ वसवायची म्हणजे सरकारने घरं बांधायची नाहीत. एखाद्या वजनदार माणसाला पेठेचं शेटेपण द्यायचं, काही वर्षं कर माफ करायचे आणि व्यापाऱ्यांना, कारागिरांना बोलावून घ्यायचं. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी अशीच वसवली. आजच्या एसईझेडला करमाफी मिळते, ती आयडिया काही नवीन नाही मंडळी! आता या मॉडेलमध्ये रस्ता किती फुटी ठेवायचा हे कोण ठरवणार? ज्याची पेठ तो. बैलगाडी आणि पालखी जाण्याइतका रस्ता असला की झालं.

दुसरं व्हर्जन इंग्रजांच्या काळातल्या नगरपालिकेचं, आणि मला सांगायची आहे ती गोष्ट इथेच आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, १८२८ च्या आगीत शनिवारवाडा आतून जळून गेला, पण भाजीबाजार वाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरतच होता. ऊन, पाऊस, चिखल, सगळं सोसून. १८८० च्या दशकात नगरपालिकेने ठरवलं की शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या जागेवर दगडी, पक्की मंडई बांधायची. मधला तो अष्टकोनी मनोरा, त्याला फुटलेले लांब हात, ही सगळी त्या वेळची रचना. १८८६ मध्ये उद्घाटन झालं आणि तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं गेलं, रे मार्केट.

या खर्चाला नगरपालिकेत विरोध झाला होता. विरोध करणारे होते जोतीराव फुले.

फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून हजार रुपये खर्चून शहर सजवायचा ठराव आला, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. त्या ठरावाच्या विरोधात मत देणारे ते एकटेच होते. सरकारनेच नेमलेला माणूस, आणि सरकारच्या सर्वोच्च पाहुण्याच्या स्वागताला नाही म्हणतोय!

कुणी म्हणेल, त्यांना बांधकामातलं काय कळत होतं? तर जोतीराव स्वतः कंत्राटदार होते. येरवड्याच्या पुलाचं काम त्यांनी केलं होतं. दगड, चुना, मजुरी कशाला किती लागते हे त्या सभागृहातल्या बऱ्याच जणांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असणार. शिवाय ते माळी समाजातले. मंडईत भाजी, फुलं घेऊन बसणाऱ्यांत त्यांचेच लोक जास्त. म्हणजे "आपल्या लोकांचा" फायदा बघायचा तर त्यांनी मंडईच्या बाजूने हात वर करायला हवा होता. नाही केला.

पुढची गंमत सगळ्यांना माहीत आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत होते, त्यांनी पुढाकार घेतला आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्या इमारतीला नाही म्हटलं, तिच्यावरच नाव. काही जणांना हा विनोद वाटतो. मला वाटतं तसं नाही. मंडई चांगलीच झाली, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ शहराला भाजी पुरवतेय. पण म्हणून फुल्यांचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. शहराच्या मध्यभागी पैसा ओतायचा तर कशासाठी, आणि ते विचारणारं कुणीतरी सभागृहात हवं की नको?

आता तिसरं व्हर्जन, म्हणजे आपला डीपी. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. नदीपलीकडे त्याचा उपयोग करून प्लॉट आखले गेले. एरंडवणे, शिवाजीनगरच्या जुन्या पत्त्यांत "फायनल प्लॉट नंबर" दिसतो, तो याच खात्यातला. पेठांत मात्र घरं आधीच होती, त्यामुळे तिथे नकाशावर रेघाच मारता आल्या. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये महापालिका झाली, पहिला विकास आराखडा १९६६ चा, दुसरा १९८७ चा. आराखड्याचं तंत्र थोडक्यात असं: कुठे राहायचं, कुठे धंदा करायचा ते झोन ठरवायचे. शाळा, बाग, पार्किंगसाठी जागा आरक्षित करायच्या. आणि रस्तारुंदीच्या रेषा आखायच्या.

यातली रस्तारुंदीची रेषा पेठेत कशी चालते बघा. रेषेत येणारं घर लगेच पडत नाही. मालक नवीन बांधायला काढेल तेव्हा त्याने मागे सरकायचं. शेजाऱ्याचा वाडा भाडेकरूंच्या वादात अडकलेला, तो तीस वर्षं हलत नाही. परिणाम? एक इमारत आत, एक बाहेर, आणि मधल्या खाचेत लावलेल्या दुचाक्या. आरक्षणाचंही तसंच. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही की आरक्षण गेलं. बाग कागदावरच उगवते आणि कागदावरच वाळते.

त्यात शनिवारवाड्याजवळ राहणाऱ्यांची वेगळीच कोंडी. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. स्मारक वाचायलाच हवं. पण त्याच १०० मीटरमधला मोडकळीला आलेला वाडा आणि त्यातली माणसं, यांचं काय करायचं याचं उत्तर डीपीच्या कुठल्याच रंगात नाही.

आता पुन्हा सभागृहाकडे येऊ. जुन्या हद्दीच्या तिसऱ्या आराखड्यावर लोकांच्या ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मेट्रो स्टेशनभोवती ५०० मीटरपर्यंत ४ पर्यंत एफएसआय, हे धोरणही त्याच सुमारास आलं. पुढे मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेत प्रशासकाचाच कारभार होता. त्याच काळात, सप्टेंबर २०२४ मध्ये, मंडईच्या पोटातून मेट्रो सुरू झाली.

मेट्रो वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही, मी स्वतः तिने जातो. पण एवढे मोठे निर्णय आकार घेत असताना सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. १८८० मध्ये, परक्यांच्या राज्यात, सरकारने नेमलेले सभासद असताना निदान एक माणूस उभा राहून नाही म्हणू शकला, आणि त्याचं नाही नोंदवलं गेलं. आपल्याकडे इतकी वर्षं नाही म्हणायला निवडून आलेलं कुणी नव्हतंच.

आपण आयटीवाले काय करतो? पेठांतल्या ट्रॅफिकला शिव्या घालतो आणि बाणेरला फ्लॅट बुक करतो. तिथल्या डीपी रोडची अवस्था बघून परत शिव्या घालतो. हरकती-सूचनांची जाहिरात पेपरात येते तेव्हा ती किती जण वाचतो? कोड रिव्ह्यूमध्ये स्पेसवरून भांडणारे आपण, शहराच्या रिव्ह्यूला मात्र कायम सुट्टीवर.

असो. फार लांबलं. पुढच्या वेळी मंडईत मेथीची जुडी घेताना वरच्या पाटीकडे एकदा बघा. ते नाव तिथे आहे म्हणून वाचा, आणि ज्यांचं आहे ते काय म्हणाले होते तेही आठवा.