शारजाच्या खाडीत किती घोडे?

रोल्ला चौकातून समुद्राच्या दिशेने थोडे चालले की शारजाची खाडी लागते. ज्या वडाच्या झाडावरून या भागाला नाव पडले ते 1978 मध्ये वठले. आता चौकात त्याचे स्मारक उभे आहे आणि सुट्टीच्या दिवशी भोवताली मल्याळी, मराठी, बंगाली, पठाणी अशा सगळ्या बोलींचा गलका असतो. धक्क्याला लाकडी गलबतांच्या बाजूने फायबरच्या छोट्या होड्या बांधलेल्या असतात. कोकणातून आलेल्या एखाद्या कुटुंबाने चार पैसे गाठीशी बांधून अशी सेकंडहँड होडी घ्यायची ठरवली, की पहिला प्रश्न ठरलेला: मोटार किती एचपीची लावायची? 25, 40, 60 की 75? प्रश्न इंजिनाचा वाटतो, म्हणून लोक इंजिनवाल्याला विचारतात आणि तोही साहजिकच मोठा आकडा सांगतो. या किनाऱ्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. होडीला किती ताकद लागते हे होडीचा तळ आणि तिच्यावरचे ओझे ठरवतात. त्यावरची जी ताकद इथे आली ती बहुतेक वेळा माणसांच्या आपसातल्या चढाओढीतून आली. समुद्राने ती मागितली नव्हती.

मोटार नव्हती तेव्हापासून हिशेब मांडू. 1930 च्या सुमाराला जपानी संवर्धित मोत्यांनी बाजार बुडवला, तोवर हा सगळा किनारा मोत्यांवर जगत होता. मोती विकायला मुंबई, आणि व्यवहाराला रुपया, जो इथे 1966 पर्यंत या ना त्या रूपात चालला. मोती काढणाऱ्या नौकांना शीड असे, पण उन्हाळ्यात वारा पडला की वल्ही मारावी लागत. माणसाचे शरीर तासन्‌तास जी ताकद टिकवू शकते ती साधारण 75 वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीचा दहावा भाग. सोळा धडधाकट माणसे वल्ह्याला बसली तरी हिशेब दीड-पावणेदोन अश्वशक्तीपलीकडे जात नाही. एवढ्यात भरलेली नौका हलायची. अमेरिकेत ओले एव्हिनरूडने 1909 मध्ये मिलवॉकीत आपली पहिली मोटार विकायला काढली तीही दीड अश्वशक्तीचीच होती, वजन 62 पौंड. तो आकडा कमी नव्हता, कारण ती वल्ह्याच्या होडीसाठी होती आणि वल्ह्याच्या होडीला त्याहून फारसे जास्त घेताच येत नाही. आज दीड एचपी म्हटले की हसू येते. पण सोळा माणसांच्या दंडातली ताकद एका हाताने उचलता येईल अशा डब्यात मावली, हे लक्षात घेतले की ते हसू आवरते.

जास्त घेता येत नाही, याचे कारण विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याने 1870 च्या दशकात टॉर्कीच्या टाकीत नमुन्याच्या होड्या ओढून शोधले. पाणी बाजूला सारत जाणारी होडी स्वतःच एक लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांब होते, आणि लाटेची लांबी होडीएवढी झाली की होडी आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणले की तो वेग सागरी मैलांत येतो. 16 फुटांच्या होडीला तो ताशी सव्वापाच-साडेपाच मैलांच्या आसपास. तिथपर्यंत पोचायला तीन-पाच एचपी पुरतात. पुढे 20 घाला की 30, होडी नाळ वर करून पाणी नांगरत राहते आणि पेट्रोल जळत राहते. इथल्या जुन्या होड्या सगळ्या याच जातीच्या. खजुराच्या झावळ्या बांधून केलेली शाशा, जी कल्ब्यापासून फुजैऱ्यापर्यंतच्या पूर्व किनाऱ्यावर चाले, आणि एकाच खोडातून कोरलेली हुरी, जिचे खोड बहुतेकदा मलबारातून येई. हुरीची दोन्ही टोके निमुळती असल्यामुळे मोटार टांगायला मागे सपाट फळीच नसे. अरबी किनाऱ्यावर अनेक ठिकाणी म्हणून हुरीची पिछाडी कापून तिथे फळी ठोकली गेली. आपल्याकडच्या उलांडीच्या होडीचीही अडचण तीच. ही कापाकापी मला महत्त्वाची वाटते. मोटार आली तेव्हा होडी आधीपासून होती आणि मोटारीला तिच्या मापात बसावे लागले.

मग हे नाते उलटे कधी झाले? इथे खाडीची स्वतःची कहाणी मध्ये येते. विसाव्या शतकाच्या मध्यावर शारजाची खाडी गाळाने भरत चालली होती. दुबईने 1959 ते 1961 या काळात आपली खाडी उपसली आणि मोठी गलबते तिकडे वळली. उथळ पाण्यात आतले इंजिन, म्हणजे तळाखाली पंखा कायम लोंबत राहणारे, अवघडच. बाहेर टांगलेली मोटार वर उचलता येते, वाळूत होडी चढवता येते. मोटारीला पहिली पसंती मिळाली ती ताकदीसाठी नव्हे, उचलता येण्यासाठी, असे मानायला ही भौगोलिक स्थिती पुरेशी आहे. दरम्यान जपानी कारखाने बाजारात उतरले. यामाहाची पहिली बाहेरची मोटार, पी-7, 1960 मधली. 1965 मध्ये सुझुकीही आली. 2 डिसेंबर 1971 ला अमिराती एकत्र आल्या. तेलाचा पैसा खेळू लागल्यावर सरकारने मच्छीमारांना सवलतीत इंजिने दिली. हात वल्ह्यावरून सुटले, तांडेलाला खलाशी कमी लागू लागले. आणि याच काळात लाकडाची जागा फायबरने घेतली.

फायबरने केवळ सुताराचे काम काढून घेतले असे नाही, तळाचा आकारच बदलला. अमेरिकेत बॉस्टन व्हेलरने 1958 मध्ये 13 फुटांची फायबरची होडी बाजारात आणली, आणि 1960 मध्ये रे हंटच्या खोल 'व्ही' तळाच्या होडीने मायामी ते नासाऊ शर्यत मारली. हे तळ पाणी बाजूला सारत नाहीत, पुरेशी ताकद मिळाली की पाण्यावर चढतात आणि सरकत पळतात. फ्रूडने आखलेली मर्यादा तिथे गळून पडते. अजमानमध्ये 1982 साली गल्फ क्राफ्ट उभी राहिली, आणि असल्या तळाच्या होड्या शारजाच्या शेजारीच बनू लागल्या. मासेमारीची जी छोटी फायबरची होडी इथे तराद म्हणून ओळखली जाते ती या पिढीची. आधी मोटार होडीसाठी निवडली जाई, आता होडी मोटारीसाठी ओतली जाऊ लागली. त्यामुळे 'किती एचपी' या प्रश्नाचे पहिले उत्तर आता कारखान्यातच लिहिले जाते, होडीच्या आत चिकटवलेल्या पत्र्यावर.

त्या पत्र्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत 1971 च्या नौका-सुरक्षा कायद्यानंतर 20 फुटांच्या आतल्या होड्यांसाठी सूत्र ठरले. होडीची लांबी आणि पिछाडीच्या फळीची रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करायचा. 16 फूट लांब आणि 5 फूट रुंद होडीचा आकडा 80. सुकाणूचे चाक असेल आणि फळी किमान 20 इंच उंच असेल, तर 80 ची दुप्पट करून 90 वजा करायचे: 70 एचपी. चाक नसेल, मागे बसून मोटारीचा दांडा हातात धरायचा असेल, तर त्याच लांबी-रुंदीला मर्यादा 40 पर्यंत उतरते, आणि तळ सपाट, कडा धारदार असतील तर 25. लांबी तीच, रुंदी तीच, आणि आकडे 70, 40, 25. याचा अर्थ या कायद्याने ताकदीला बांधून ठेवले आहे ते माणसाच्या ताब्याशी. किती ताकद लागेल हे तो सांगतच नाही, किती झाली की होडी हातातून जाईल एवढेच सांगतो. दुकानात मात्र कमाल आकडा शिफारस म्हणून वाचला जातो. औषधाच्या बाटलीवरची कमाल मात्रा कुणी रोजचा डोस म्हणून घेत नाही. मोटारीच्या बाबतीत घेतात.

कमाल नको म्हणजे किमान घ्यावी, असेही नाही. चार माणसांचे कुटुंब, पेट्रोलची टाकी, पाण्याचे कॅन, नांगर, खाण्याचे डबे, वर मोटारीचे स्वतःचे वजन धरले तर ही 16 फुटी होडी 800 किलोच्या घरात जाते. होडी पाण्यावर नीट चढायची तर दर एचपीमागे 18 किलोपेक्षा जास्त ओझे नसावे, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे 45 च्या आसपास. 25 ची मोटार तिथे काटकसर ठरत नाही: होडी अर्धवट चढते, नाळ आभाळाकडे, चालवणाऱ्याला पुढचे दिसत नाही, आणि मोटार दिवसभर पूर्ण जोरावर ओरडत राहते. कमी ताकदीची मोटार जास्त पेट्रोल पिते ते असे. म्हणून या होडीला 40 ते 60. पत्र्यावरच्या 70 पर्यंत जाण्याचे कारण खरेदीदाराने स्वतःला सांगता आले पाहिजे.

सगळ्यात जोरदार कारण सांगितले जाते ते शमालचे. वायव्येकडून येणारा हा वारा हिवाळ्यात दोन-तीन दिवसही वाहत राहतो. तो उठायच्या आत घरी पळायला मोठी मोटार हवी, असा युक्तिवाद. भीती खरी आहे, निष्कर्ष चुकतो. आखात उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम 35 मीटर. उथळ पाण्यात वारा सुटला की लाटा लांब होत नाहीत, आखूड आणि उभ्या होतात, एकीमागून एक. असल्या लाटांत 16 फुटी होडी 70 एचपीने पळवली तर ती एका लाटेच्या माथ्यावरून उडून पुढचीच्या पोटात आपटते. तांडेल आधी हात मागे घेतो. ज्या क्षणासाठी जास्तीची ताकद विकत घेतली त्याच क्षणी ती वापरता येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो तळाचा आकार, बाजूची उंची, आणि हवामान पाहून निघताना केलेला विचार. शीड असलेल्या काळात नाखवा याच विचारावर जगत होता, कारण पळायचा पर्यायच त्याच्याकडे नव्हता.

तरीही मच्छीमारांच्या होड्यांना मागे दोन-दोन दणकट मोटारी दिसतात, ते वेडे आहेत का, असे कुणी विचारेल. नाहीत. याचे उत्तर केरळच्या किनाऱ्यावर चांगले मिळते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पारंपरिक होड्यांना सात-आठ एचपीच्या रॉकेलवरच्या मोटारी लागल्या. होडीला तेवढ्या पुरत होत्या. मग एकाने मोठी घेतली, तो थव्यावर आधी पोचला आणि बाजारातही आधी आला. शेजाऱ्याला घ्यावी लागली. दशक उलटेपर्यंत 25 आणि 40 च्या मोटारी, मोठ्या जाळ्याच्या होड्यांना तर तीन-तीन. मासे तेवढेच, समुद्र तोच, फक्त सगळ्यांचा खर्च वाढला. आखातातल्या तरादवाल्याचे गणित थोडे निराळे असेल, सापळे लांब टाकलेले असतात, बर्फ वितळायच्या आत यायचे असते. पण त्याची मोटार त्याच्या स्पर्धेच्या मापाची असते. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन खाडीबाहेर चक्कर मारणाऱ्याला थव्यावर कुणाच्या आधी पोचायचे नाही. त्याने धक्क्यावरची मच्छीमाराची होडी पाहून आकडा ठरवणे म्हणजे दुसऱ्याचे कर्ज स्वतःच्या नावावर घेणे.

दोन मोटारींच्या बाजूने एक मुद्दा उरतो तो वजनदार आहे: एक बंद पडली तर दुसरी घरी आणते. अगदी खरे. पण घरी आणायला किती लागते? सोळा वल्हेकऱ्यांचा हिशेब इथे कामाला येतो. पाच-सहा एचपीची छोटी मोटार म्हणजे पन्नासाहून अधिक माणसांची वल्ही. ती होडीला पाण्यावर चढवणार नाही, ताशी चार-पाच मैलांनी खाडीत आणून सोडेल, आणि त्यासाठी ती दुसरी 60 ची असण्याची गरज नाही. फक्त तिची टाकी वेगळी हवी, नाहीतर खराब पेट्रोलाने दोन्ही एकदम बसतात.

सेकंडहँड बाजारात शिरणाऱ्याला इतिहास आणखी दोन ठिकाणी आडवा येतो. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कारखाने ताकद बहुधा इंजिनाच्या डोक्यापाशी मोजत. नंतर ती पंख्याच्या दांड्यापाशी मोजली जाऊ लागली, जिथे गिअरमधली गळती वजा झालेली असते. त्यामुळे फार जुन्या मोटारीवरचा 40 आणि नव्या मोटारीवरचा 40 सारखे नाहीत. दुसरे वजन. दोन-स्ट्रोकची 40 ची दणकट मोटार 70 किलोच्या आसपास बसते. त्याच ताकदीची चार-स्ट्रोक शंभरीला टेकते. ती कमी धूर सोडते, पेट्रोल कमी पिते, आवाजही कमी, म्हणून जुनी काढून नवी बसवण्याकडे सगळ्यांचा कल आहे आणि तो योग्यच आहे. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दोन-स्ट्रोकसाठी ओतलेल्या होडीच्या पिछाडीला हे 30 किलो जादा होतात, जोडी असेल तर 60, तेही होडीच्या अगदी टोकाला. फळीच्या आतले लाकूड एव्हाना कुजलेले असू शकते. उभ्या राहिलेल्या होडीत मागून पाणी आत येते ते अशाच वेळी. अशा होडीला मोटार बदलताना आकडा तोच ठेवण्याऐवजी एक पायरी खाली उतरणे बरे. 60 काढली असेल तर 50 लावावी, आणि पेट्रोलची टाकी नाळेकडे सरकवून पाहावी.