उघडा पडलेला चिरा

पावसाळ्याआधी भिंती लिंपायच्या, धाब्यावर नवी माती टाकायची, हे आमच्या धाड गावाकडच्या मातीच्या घरांत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. लिंपण ही सजावट नव्हे. पावसाचा मारा आधी ते झेलतं, मग मागची भिंत शाबूत राहते. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेच्या भिंती पाहताना मला हेच आठवतं.

जेझुइट धर्मगुरूंनी इथे आधी आपलं निवासस्थान बांधलं आणि 24 नोव्हेंबर 1594 रोजी त्याला लागून चर्चची पायाभरणी झाली. 15 मे 1605 रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचा अभिषेक झाला. भिंतींना गोव्याचाच जांभा वापरला. दर्शनी भागातल्या खांबांना आणि नक्षीला मात्र काळा दगड हवा होता. तो आणला वसईहून, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या कुळातला. कोकणच्या तांबड्या चिऱ्याशेजारी देशावरच्यासारखा काळा पाषाण असा उभा आहे, की दोघांना एकमेकांवाचून शोभा नाही. वरच्या चौकटीत जेझुइटांची आयएचएस ही अक्षरं कोरली आहेत. आत मुख्य वेदीवर बाळ येशू आणि त्याच्यामागे जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला.

संत फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव 1624 मध्ये इथे आलं आणि या वास्तूचं नशीब बदललं. गोवेकरांचा ‘गोंयचो सायब’ या छपराखाली राहू लागला. त्याची चांदीची पेटी 1636-37 मध्ये गोव्याच्याच चांदीकारांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचे ड्यूक तिसरे कोझिमो यांनी दिला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याचं ते काम 1698 मध्ये इथे जोडलं गेलं. परदेशी पाहुणा त्या संगमरवरापुढे थबकतो. माझी नजर गोव्याच्या चांदीकडे जाते.

1759 मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं, पण भाविकांची रीघ थांबली नाही. 1946 मध्ये चर्चला बॅसिलिकेचा मान मिळाला.

त्यानंतर जे घडलं ते मनाला लागतं. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली बाहेरच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला गेला. वास्तू जुनी आणि भारदस्त दिसावी, हा हेतू. दिसलीही. पण जांभा कसा असतो हे चिरेखाणीतल्या कुणालाही ठाऊक आहे: खाणीतून काढताना मऊ, उघड्या हवेत टणक होत जाणारा, तरी शेवटपर्यंत सच्छिद्र. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ते पाणी चिऱ्यात मुरतं, शेवाळ धरतं, पृष्ठभाग भुसभुशीत होऊन झडतो. चुना ओल आत कमी जाऊ देतो आणि गेलेली बाहेर सोडतो. झिजलाच तर तो झिजतो, दगड वाचतो, आणि नवा हात देता येतो. सिमेंटला हे जमत नाही. ते ओल आतच कोंडतं.

1986 मध्ये जुन्या गोव्यातली ही चर्चेस जागतिक वारशाच्या यादीत आली. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे छपराची दुरुस्ती अडली, अवकाळी पावसाचं पाणी आत शिरलं आणि गिलाव्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. गिलावा नको म्हणणारेही आहेत. त्यांचं म्हणणं मला समजतं: सत्तर वर्षांत दोन-तीन पिढ्यांनी बॅसिलिका तांबडीच पाहिली, लग्नांच्या फोटोंत, पोस्टकार्डांवर तीच राहिली. पांढरी झाली तर ती ओळखीची वाटणार नाही. तरीही मी गिलाव्याच्या बाजूचा आहे. ती बांधणारे गवंडी या पावसाला ओळखत होते. तांबडा रंग आपल्या सवयीचा आहे, त्यांच्या योजनेतला नाही.

21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात दहा वर्षांनी झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन झालं. त्यासाठी पार्थिव बॅसिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेलं होतं. त्या कॅथेड्रलच्या भिंती आजही चुन्याने पांढऱ्या आहेत.