निळ्या द्रावणापासून टक्केवारीपर्यंत

सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ सालचं. त्या काळी साखर पाहायची ती बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात: आठ थेंब लघवी, एक उकळी, आणि विटकरी रंग उतरला की मधुमेहाचा संशय!

पुढे एचबीएवनसी ही रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी आली. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने निदानाची रेघ ६.५ टक्क्यांवर आखली.

ही तपासणी तांबड्या पेशींचं सुमारे १२० दिवसांचं आयुष्य गृहीत धरते. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो, म्हणून इथेच घोडं अडतं. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी लवकर फुटतात, आकडा खोटाच कमी येतो. लोहाच्या कमतरतेत तो उगाच फुगू शकतो. हे रुग्णाला सांगणं हा तपासणीचाच भाग मानायला हवा. सिकलसेल किंवा रक्तक्षय असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि उपाशीपोटीची साखरही तपासून घ्या.