वस्त्राचे नाव आणि व्रणाची ओळख

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 साली रूढींशी निगडित अशा कर्करोगांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. धोतर वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी आवळून नेसल्यामुळे कमरेची कातडी घासली जाते, तेथे घाम मुरतो, रंग पालटतो, खवले धरतात आणि अखेरीस न भरणाऱ्या व्रणात कर्करोग उद्भवतो, असे त्यांत वर्णिले होते. ह्या रोगास 'धोती कॅन्सर' असे नाव मिळाले. काश्मिरात कांगडीच्या शेकाने पोटावर व मांडीवर होणारा त्वचेचा कर्करोग वैद्यकास तत्पूर्वीच ठाऊक होता.

नाव समर्पक होते. पण ते एका वस्त्राचे, आणि तेही पुरुषाच्या वस्त्राचे होते. स्त्रियांत हाच विकार दिसला तेव्हा 'साडी कॅन्सर' हा शब्द निघाला, पुढे 'पेटीकोट कॅन्सर'. 2024 साली वर्धा व बिहार येथील वैद्यांनी अशा दोन स्त्रियांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक स्त्री परकर न घालता लुगडेच आवळून नेसत असे, आणि तिचा रोग जांघेतील लसिका-ग्रंथीपर्यंत पोहोचला होता. म्हणजे नव्या नावात जे वस्त्र आहे ते तिच्या अंगावर नव्हतेच! दोष परकराचा नाही, धोतराचाही नाही. एकाच रेषेवरील दीर्घकालीन काचाचा आहे.

आपल्या भाषेतील अडचण निराळी. सुश्रुतसंहितेतील 'अर्बुद' ग्रंथांतच राहिले आणि 'कर्करोग' हा शब्द, खेकडा ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दाच्या अनुरोधाने आलेला, बहुधा रुग्णालयात पोहोचल्यावरच रुग्णाच्या कानी पडतो. धाराशिव जिल्ह्यात लुगडे व धोतर नेसणारी वृद्ध मंडळी आजही आहेत. कमरेवरील अशा खुणेस घरात 'घट्टा' किंवा 'चट्टा' म्हणतात. हे शब्द निरुपद्रवी आहेत, आणि धोका नेमका तेथेच आहे. घट्ट्यास कोणी वैद्याकडे नेत नाही.

ह्या संदर्भात बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीचा दाखला महत्त्वाचा वाटतो. 1987 पासून चाललेल्या ह्या कार्यात सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि धाराशिव जिल्ह्यातील भूम व परंडा हे तालुके येत होते. (1948 पूर्वी बार्शी मुंबई प्रांतात, तर भूम-परंडा निजामाच्या राज्यात होते.) रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव जात, सभा घेत, लक्षणे समजावून सांगत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात याचे फळ दिसले: स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या.

कमरेच्या व्रणास हीच रीत लागू पडावी. त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला की निदान होते. रोग त्वचेपुरता असेल तर भोवतालच्या निरोगी कातडीसह तो कापून काढता येतो. जांघेत गाठी आल्यावर शस्त्रक्रिया मोठी होते, किरणोपचारही लागू शकतात. तेव्हा गावात विचारावयाचे ते 'कर्करोग आहे काय' असे नव्हे, तर 'नेसणीखालचा चट्टा चिघळला आहे काय, आणि किती महिने भरलेला नाही' असे.