प्लेट हीट एक्स्चेंजरमधील गळती

दूध पाश्चराइझ करणाऱ्या प्लेट हीट एक्स्चेंजरचे गॅस्केट कडक झाले किंवा खाचेतून सरकले, की दूध बाहेर ठिबकते आणि लगेच दिसते. खरा धोका आतल्या गळतीचा. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस प्लेटला, बहुधा दोन प्लेटांची नक्षी एकमेकींना टेकते तिथे, सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. कच्चे दूध पाश्चराइझ दुधात मिसळू नये म्हणून पाश्चराइझ बाजूचा दाब जास्त ठेवावा लागतो. तपासणीसाठी प्लेट सुटी करून एका अंगाला रंगद्रव्य लावतात, दुसऱ्या अंगावर पांढरी भुकटी फवारतात; छिद्रातून पाझरलेला रंग ठिपक्यासारखा उमटतो. दाबाखालीच उघडणारी भेग मात्र यातून निसटते. त्यासाठी जोडलेल्या यंत्राच्या एका बाजूत नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजन मिसळून सोडतात आणि दुसऱ्या बाजूला संवेदकाने त्याचा माग काढतात.