दाहव्रणरोपण आणि हॉर्मोने
भाजल्याने झालेल्या जखमा भरून येताना अंतःस्रावी ग्रंथींच्या स्रावांकडून घडणारे नियमन. (→ अंतःस्रावी ग्रंथि). इजेनंतरच्या चयापचयाच्या ओहोटी व भरती अशा दोन अवस्था स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड कथबर्टसन यांनी 1942 मध्ये वर्णिल्या. त्वचेचा विस्तीर्ण भाग पोळला असता अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन व कॉर्टिसॉल आणि अग्निपिंडातून ग्लुकागॉन अधिक प्रमाणात स्रवून रक्तशर्करा वाढते, स्नायूंतील प्रथिनांचा ऱ्हास होतो व कॉर्टिसॉलामुळे कोलॅजेनाची निर्मिती मंदावते. याउलट इन्शुलीन व वृद्धी हॉर्मोन प्रथिननिर्मितीस साहाय्यभूत होतात. (→ इन्शुलीन, चयापचय). यास्तव उपचारांत रक्तशर्करेच्या नियंत्रणार्थ इन्शुलीन आणि ॲड्रेनॅलिनाच्या परिणामास आवर घालण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल योजतात. मोठ्या मात्रेतील वृद्धी हॉर्मोनामुळे अत्यवस्थ प्रौढांतील मृत्युप्रमाण वाढल्याचे 1999 मध्ये आढळून आले.